मदत हवी आहे: हिरीचं पाणी खराब झालं, कंपनी म्हणते आमचा संबंध नाही

वावर_धुरा
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. हिरीचं पाणी पिवळं येऊन राहिलं, वास मारते, ढोरं तोंड लावत नाहीत. कंपनीवाले म्हणतात रिपोर्ट आणा, आणला तर म्हणतात हा चालत नाही. भरपाईसाठी नेमकं कुठं जायचं तेवढं सांगा, बाकी सगळं करून झालं.

काळी_माती
तालुका कोणता? कंपनी कसली? रिपोर्टमध्ये काय आलं, नमुना कोणी घेतला?

वावर_धुरा
जिल्हा चंद्रपूर. कंपनीचं नाव टाकत नाही, गावातले पोट्टे तिथंच कामाला आहेत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे २४०० मिलिग्रॅम आला. पाणी मीच बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलं होतं.

सावली७२
आम्ही आरओ बसवला, दोन वर्षं झाली, कटकट मिटली. मेकॅनिक पाहिजे तर सांगा.

काळी_माती
आरओचं पाणी ढोरायले पाजणार का ताई? अन पऱ्हाटीले? भाऊ, पिण्याच्या पाण्याचं मानक ५०० चं आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, तुमचं त्याच्याही वर गेलं. पण टीडीएसवरून नुसते क्षार कळतात, ते आले कुठून हे कळत नाही. कंपनीच्या वरच्या अंगाची एक हीर अन खालच्या अंगाची एक, दोन्हीचं पाणी एकाच दिवशी तपासा.

पांढरकवडा_कर
आमच्या यवतमाळकडे खडकातूनच फ्लोराईड येते, पोरायचे दात पिवळे पडले, तिथं कोणती कंपनी होती? सगळं कंपनीवर ढकलू नका.

वावर_धुरा
काहून ढकलू? माझ्या आज्यानं जन्मभर याच हिरीचं पाणी पेलं. खडक काय आत्ता आला?

मोहाचं_झाड
पाण्यात तुरटी फिरवा, गाळ खाली बसते.

कोर्टाची_पायरी
तुरटीनं विरघळलेले क्षार जात नाहीत हो.
वावर_धुरा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ आहे, मंडळाचा अधिकारी नमुना घेतो, दोन भाग करून सील करतो, बाटलीतल्या नमुन्याला ते वजन येत नाही. भरपाई हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाकडे मागायची, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. १९९६ मध्ये राजस्थानच्या बिछडीत हिरी नासल्या तेव्हा सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच खर्च भरायचा. अर्ज आईच्या नावानं करा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.
पण पाणी पहिल्यांदा कधी बिघडलं? हेच तुम्ही लिहिलं नाही. भरपाईचा अर्ज पाच वर्षांत करावा लागतो, फार तर ६० दिवस वाढवून मिळतात.

वावर_धुरा
आमची हीर मागच्या दिवाळीपासून. पण नाल्याकडच्या काकाची आधीच गेली होती, तो बोललाच नाही कोणाले, त्याचा पोरगा कंपनीत आहे. आई म्हणते २०२१ चा पोळा होता, बैल धुवाले पाणी काढलं तर फेस आला.

कोर्टाची_पायरी
मग काकांची मुदत तुमच्या आधी संपते. आजच त्यांच्याकडे जा, आईला सोबत न्या.