मदत हवी: इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ पाठ होतो, वापर कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला. संध्याकाळी गल्लीतली मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, म्हणजे एकदम सगळं इंग्रजीतून. घरात मराठी, बसमध्ये कन्नड बिनदिक्कत बोलणारी हुशार मुलं आहेत. सुटे शब्द त्यांना अडत नाहीत, वाक्प्रचारापाशी गाडी अडते.

गाइडात समोरासमोर अर्थ छापलेले असतात, तेच पाठ होतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. एका मुलीने आजोबांच्या निधनावरच्या निबंधात तेच लिहिलं. अर्थ चुकला नव्हता, पण मराठीत 'आजोबा गचकले' असं तिने कधीच लिहिलं नसतं. कोणता वाक्प्रचार कुणापुढे चालतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे कसं शिकवायचं? शेजारी मराठी वाक्प्रचार दिला तर फायदा होईल का? आणि जुनाट झालेले कोणते, तेही सांगा.

उत्तर (निपाणीहून):

सर, मराठी जोडी जरूर द्या, पण पारखून. 'वन्स इन अ ब्लू मून'ला 'सटीसहामासी' चपखल बसतं. एकाच इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा आली की तिला ब्लू मून म्हणतात, साधारण अडीच वर्षांनी एकदा. 'पीस ऑफ केक'ला हातचा मळ. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग'ला मात्र गाइडवाले 'बिंग फोडणे' देतात, तिथे सांभाळा. बिंग लबाडीचं असतं. इथे वाढदिवसाचा गुपचूप ठरवलेला बेत चुकून बोलून गेलं तरी चालतं.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडणं) वाचताना ओळखता आलं की पुरे, बोलण्यात आता फारसं येत नाही. 'कॉल इट अ डे' म्हणजे आजचं काम इथेच थांबवणं, 'अंडर द वेदर' म्हणजे अंगात कसकस असणं. हे रोजचे, यांचा सराव करून घ्या. अर्थाशेजारी मुलांना स्वतःचं एक वाक्य लिहायला लावा आणि ते कुणाशी बोलताना चालेल तेही. थट्टेतले वेगळ्या पानावर. शिवाय आतला शब्द बदलू देऊ नका, बकेटच्या जागी दुसरं भांडं आलं की वाक्प्रचार मोडलाच.

मूळ प्रश्नकर्ता:

आभारी आहे, उद्यापासूनच वहीत तसं सुरू करतो. 'बाइट द बुलेट'ला मराठीत काय द्यावं?

उत्तर:

जोडी शोधू नका. 'टाळता येत नाही म्हणून मन घट्ट करून नको ते काम उरकणं', असं सरळ लिहा. दात काढून घ्यायला जाणं हे उदाहरण मुलांना लगेच पटतं.