'टॉवर' एवढ्यावर भुलू नका

विकणारा म्हणतोय, 'लॉकवर टॉवर आहे, म्हणजे वॉटर्लूच्या लढाईतली ब्राउन बेस.' इतकं सोपं नसतं हो! ब्राउन बेस म्हणजे ब्रिटिश पायदळाची जुनी चकमकीची बंदूक, लॉक म्हणजे तिची बार उडवणारी यंत्रणा. 'टॉवर' या लंडनच्या सरकारी शस्त्रागाराच्या शिक्क्याच्या बंदुका ढिगाने निघाल्या. आधी टेप काढा. नळी ३९ इंच भरली तर इंडिया पॅटर्न नावाचा नमुना. ४२ असेल तर बहुधा त्याआधीचा शॉर्ट लँड. इंडिया पॅटर्न मुळात ईस्ट इंडिया कंपनीचा. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका पुरेनात, म्हणून ब्रिटिश सरकारने १७९७ मध्ये तोच उचलला. लॉकवर कंपनीचा हृदयाच्या आकाराचा शिक्का दिसला, तर माल साधारण १८०८ च्या आधीचा. नंतर मागच्या पायांवर उभा सिंह आला.

घोडा, म्हणजे चकमकीचा दगड धरून आपटणारा भाग, बघा. हंसाच्या मानेसारखा बारीक, की मधे भोक असलेला जाड? जाड घोडा १८०९ पासूनचा. पण जुने घोडेही वापरात राहिलेच, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका.

खरी मेख रंजकाच्या वाटीपाशी, म्हणजे पेटवायची दारू ठेवायच्या वाटीपाशी. पुढे टोपीच्या (चकमकीऐवजी स्फोटक टोपीवर बार उडवणाऱ्या) बनवलेल्या कित्येक बंदुका विक्रीसाठी परत चकमकीच्या केल्या जातात. वाटी नळीला घट्ट भिडते का, ठिणगी आत जायच्या नळीच्या छिद्राभोवती दारूने खाल्लेले खड्डे आहेत का, ते बॅटरी मारून पाहा. बाकी नळी खरबरीत आणि तेवढाच भाग गुळगुळीत असेल, तर मी तरी हात आखडता घेईन. लॉक उतरवून आतली बुजवलेली भोकंही बघा. उतरवू देत नसेल, तर सरळ उठा.

आणि कृपा करून पॉलिश नको! तो काळपट तपकिरी थर गेला की अर्धी किंमत गेली.