मदत हवी आहे: फळांच्या अ‍ॅसिडने पाय आणखीच सोलतायत

फोंडेकरीण: पायांना कोरडे खवले सुटलेत. सगळे एएचए, एएचए (तेच ते फळांचं अ‍ॅसिड) म्हणतात म्हणून आणलं. चार दिवस झाले, फरक शून्य, वर आग होते. अजून जास्त लावू का? शनिवारी बहिणीचं लग्न आहे, लवकर सांगा.

दर्यावर्दी: गोव्याच्या दमट हवेत कोरडी कातडी? नवलच.

केमिस्ट्रीवाली: हवा दमट, पण ऑफिसात दिवसभर एसी असतो ना. ताई, कुठलं अ‍ॅसिड? किती टक्के? टाचा की नडग्या?

फोंडेकरीण: नडग्या. बाटलीवर सफरचंद, ऊस, द्राक्षं काढलीयत.

माडाखाली: फेका ती बाटली. भिरंडेल लावा! आजी कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरायची आणि पाघळलेलं टाचांच्या भेगांत भरायची. सकाळी टाच लोण्यासारखी.

केमिस्ट्रीवाली: भिरंडेल ओलावा धरून ठेवतं, मेलेली कातडी सोडवत नाही. ते काम अ‍ॅसिडचं. उसातल्या ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, म्हणून आत शिरतं आणि झोंबतंही. कोरड्या पायांना लॅक्टिक बरं, ते ओलावाही धरतं.

माडाखाली: लॅक्टिक दह्यातलं. दही कुठल्या झाडाला लागतं?

केमिस्ट्रीवाली: सरसकट 'फळांची' म्हणतात हो, मी नाही ठेवलं नाव.

कोंडाग्रस्त: माझ्या डोक्यात कोंडा आहे. हेच चालेल का?

दर्यावर्दी: धागा पायांचा आहे.

फोंडेकरीण: बाटली नीट वाचली. 30 टक्के. मी रात्री लावून झोपते.

केमिस्ट्रीवाली: अहो!! ती पील आहे, कातडीचा वरचा थर सोलणारी, काही मिनिटांत धुवायची! घरी 10 टक्क्यांच्या वर जायचं नाही, पीएच 3.5च्या खाली नको (पीएच जितका कमी तितकं अ‍ॅसिड जहाल). आधी धुवा. नंतर नुसती पेट्रोलियम जेली. फोड आले तर स्किनच्या डॉक्टरकडे. आणि बंद केल्यावरही आठवडाभर उन्हात सनस्क्रीन.

फोंडेकरीण: धुतलं. त्याआधी लिंबू चोळून स्कूटरने पणजीला गेले होते, गुडघ्याखाली तपकिरी ओघळ उठलेत. तेही बाटलीमुळे?

केमिस्ट्रीवाली: हे आत्ता सांगताय? ते लिंबाचं. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की असे डाग पडतात. जायला कित्येक आठवडे लागतात.

फोंडेकरीण: म्हणजे शनिवारी साडीच. भिरंडेल कुठे मिळेल?

माडाखाली: म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारात. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं!

केमिस्ट्रीवाली: आग थांबेपर्यंत टाचांनाच लावा.

कोंडाग्रस्त: मग कोंड्याला भिरंडेल चालेल?