विंडोजचा पासवर्ड विसरला. फायली न गमावता तो बदलता येईल का?

प्रश्न
माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. बरेच दिवस तो बंद होता आणि आता पासवर्ड काही केल्या आठवत नाही. वडिलांच्या तपासण्यांचे सर्व अहवाल त्यातच स्कॅन करून ठेवलेले असल्यामुळे विंडोज नव्याने टाकण्याची माझी तयारी नाही. कृपया मार्ग सुचवावा.

पहिले उत्तर
सर्वांत आधी लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा पाहावी. तेथे मराठी निवडलेली असेल, तर आपण इंग्रजी समजून टाइप केलेली अक्षरे देवनागरीत उमटतात आणि समोर नुसते ठिपके दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबले की खरा प्रकार कळतो. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून पासवर्ड बदलता येतो. मात्र त्यानंतर लॅपटॉप इंटरनेटला जोडूनच नवा पासवर्ड टाकावा. खाते लोकल, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरते, असेल आणि ते तयार करताना तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरे दिलेली असतील, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ‘रिसेट पासवर्ड’ हा पर्याय दिसतो.

प्रश्नकर्ता
भाषा इंग्रजीच आहे. खाते लोकल आहे, परंतु प्रश्नांची उत्तरेही आठवत नाहीत. त्याच लॅपटॉपवर माझ्या भावाचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते आहे.

दुसरे उत्तर
मग काळजीचे कारण बरेच कमी झाले. भावाच्या खात्यातून कंट्रोल पॅनेलमध्ये तुमचा पासवर्ड बदलता येईल, पण ते काम लगेच करू नये. अशा प्रकारे बाहेरून पासवर्ड बदलला, तर ईएफएस या विंडोजमधील पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या, फायली उघडेनाशा होतात आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही हातचे जाण्याची शक्यता असते. म्हणून आधी सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचे फोल्डर उघडावे, परवानगी विचारल्यास ती द्यावी आणि सर्व अहवाल पेन ड्राइव्हवर उतरवून त्यातील दोन-चार उघडून पाहावेत. एखाद्या फाइलच्या चिन्हावर लहानसे कुलूप दिसले, तर ती एन्क्रिप्ट केलेली आहे असे समजावे आणि पासवर्ड बदलण्याचे तेथेच थांबवावे.

तिसरे उत्तर
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोजच्या सिस्टीम फायली बदलण्याचे जे उपाय व्हिडिओंत दाखवतात, त्यांच्या वाटेला कृपया जाऊ नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर तेथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर त्या मार्गाने फायली मिळत नाहीत. नव्या पासवर्डने एकदा आत गेलात, की कंट्रोल पॅनेलमधूनच पासवर्ड रिसेट डिस्क, म्हणजे पासवर्ड विसरल्यास नवा ठेवू देणारा पेन ड्राइव्ह, तयार करून घ्यावी. ही सोय लोकल खात्यालाच आहे. पुढे पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी तीच डिस्क चालते. अर्थात ती ज्याच्या हाती पडेल त्यालाही तुमचा पासवर्ड बदलता येईल, त्यामुळे तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.