तिहेरी काचेच्या खिडक्या: कोटेशनमधला ०.६ आणि ०.९५, फरक कशाचा?

नवी_चौकट
घराच्या सगळ्या खिडक्या आणि पश्चिमेचं मोठं सरकतं दार बदलायचंय. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट दारावर. दोन कोटेशन आलीत. दोन्हींत तिहेरी काच, यूपीव्हीसी चौकट. एकात यू-व्हॅल्यू (आरपार किती उष्णता जाते तो आकडा) ०.६, दुसऱ्यात ०.९५. आकडा कमी तितकं चांगलं ना? मग ०.९५वालं महाग कसं?

काचकाम
०.६ हा बहुतेक नुसत्या काचेच्या मध्यभागाचा आकडा आहे आणि ०.९५ अख्ख्या खिडकीचा. चौकट आणि काचेची कड यांतूनही उष्णता जाते. १.२३ × १.४८ मीटरची खिडकी धरा. काच ०.६, चौकट १.३, दोन काचांमधला स्पेसर (फट राखणारी पट्टी) साध्या अ‍ॅल्युमिनियमचा, तर पूर्ण खिडकी साधारण १.० वर जाते. तीच काच, तीच चौकट, फक्त स्पेसर वॉर्म-एज (उष्णता कमी वाहू देणारा) घेतला की ०.९ च्या आसपास येते. त्यामुळे दोघांकडून एकाच मापाच्या पूर्ण खिडकीचा आकडा लेखी मागा. तोवर तुलनेला अर्थ नाही.

शिवाय काचेची रचना लिहून घ्या. ४-१६-४-१६-४ (काच, फट, काच, फट, काच) म्हणजे ४४ मिमी, ४-१२-४-१२-४ म्हणजे ३६. फटीत भरलेला वायू आर्गॉन असेल तर रुंद फट बरी; अरुंद फटीत क्रिप्टॉन लागतो, तो महाग. लो-ई कोटिंग (उष्णता परत फिरवणारा पातळ थर) दोन हवेत, बाहेरून मोजत सहसा दुसऱ्या आणि पाचव्या पृष्ठावर. माल आला की काचेसमोर लायटर पेटवा: ज्योतीची सहा प्रतिबिंबं दिसतात, त्यातली कोटिंगवरची दोन वेगळ्या रंगाची. सगळी एकाच रंगाची दिसली तर माल परत.

ऊन_सावली
दाराचा प्रश्न वेगळा आहे. यू-व्हॅल्यू कितीही कमी असली तरी ऊन काचेतून आत येतंच. त्यासाठी जी-व्हॅल्यू बघा, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा किती भाग आत येतो. हिवाळ्यात ऊन मिळतं त्या बाजूला ०.५ किंवा जास्त, पश्चिमेला ०.३ च्या आसपास. त्याहून बरं म्हणजे बाहेरून शटर किंवा छज्जा. आतला पडदा उशिरा अडवतो, तोवर उष्णता घरात शिरलेली असते.

दुसरं, वजन. ४ मिमीच्या तीन काचा म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. १.२ × २.२ मीटरच्या पल्ल्यात नुसती काचच ८० किलोच्या घरात. चाकांची क्षमता कागदावर बघा. आणि कडेची फट नुसत्या ब्रशने झाकणारं सरकतं दार घेऊ नका, त्यातून वारा येत राहतो. मग तिहेरी काच कशाला? हँडल फिरवल्यावर पल्ला उचलला जातो आणि बंद करताना गॅस्केटवर (रबरी पट्टीवर) बसतो, ते लिफ्ट-अँड-स्लाइड घ्या. मधली काच सर्वांत जास्त तापते, म्हणून उन्हाच्या बाजूला ती टफन्डच (तापून तडकू नये म्हणून कडक केलेली) सांगा.

नवी_चौकट
कळलं. फिटर म्हणतो फोम मारला की झालं. आणि आवाजही आपोआप कमी होईल ना?

फट_तपासनीस
फोम भार पेलत नाही. खाली पॅकर (टेकू), बाजूंना स्क्रू किंवा पट्ट्या, भोवती १०-१५ मिमी फट, त्यात कमी फुगणारा फोम. जास्त फुगणारा चौकट आत ढकलतो, मग पल्ला घासतो. फोमवर आतून हवाबंद टेप. बाहेरून पाऊस अडवणारी पण वाफ सोडणारी टेप. उलट लावली तर ओल भिंतीत अडकते. चौकटीची पाणी जाण्याची भोकं गिलाव्यात बुजवू देऊ नका, हे फार होतं.

आवाजाचं म्हणाल तर तीन सारख्या काचा फारशी मदत करत नाहीत. रस्त्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, एक लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली).

आणि पहाटे काचेवर बाहेरून दव दिसलं तर तक्रार नको, काच उष्णता अडवतेय म्हणून बाहेरची बाजू थंड राहते. दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं तर मात्र सील गेलंय. वॉरंटीत तेवढं स्पष्ट लिहून घ्या.