रविवारच्या उपदेशासाठी नव्हे, तर स्वतःसाठी वाचन: पाळकाने ते कसे करावे?

नाशिकचा_पाळक
सर्वांना सलाम. नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या ख्रिस्ती मंडळीत मी पाळक आहे. इथे सेवेतील आणि निवृत्त असे बरेच पाळक लिहितात, म्हणून हा प्रश्न मांडत आहे.

पवित्र शास्त्र (बायबल) वाचायला बसलो की तिसऱ्या-चौथ्या वचनापाशीच पेन्सिल हातात येते आणि समासात एक, दोन, तीन असे मुद्द्यांचे आकडे पडू लागतात. एखादे स्तोत्र केवळ प्रार्थना म्हणून वाचायचे ठरवले, तरी हे अंत्यविधीला चालेल, हे सिडकोतल्या घरप्रार्थनेला घेता येईल, असा विचार आपोआप सुरू होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्यांमुळे आमच्या घरगुती प्रार्थनासभा बहुधा रात्री नऊनंतर भरतात, त्यामुळे सकाळचा तासभर तेवढा माझा असतो आणि तोही अशा रीतीने रविवारच्या पदरात जातो.

मला वेळापत्रक विचारायचे नाही. उपदेशाची तयारी आणि स्वतःची उपासना या दोन गोष्टी पाळकाला खरोखर वेगळ्या ठेवता येतात का, आणि येत असतील तर त्या ठेवाव्यात का, हे जाणून घ्यायचे आहे.

देवळालीचे_निवृत्त_पाळक
ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र केवळ निश्चय करून ते जमत नाही. उतारा निवडण्याचा अधिकार स्वतःच्या हातून काढून घ्यावा लागतो. आपण निवडायला बसलो की उपयोगाचेच निवडतो.

माझी सेवा अँग्लिकन परंपरेतून आलेल्या मंडळ्यांत झाली. त्या परंपरेच्या प्रार्थना-पुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या 30 दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. त्या दिवशी जे येईल ते वाचायचे, आवडो वा न आवडो. 176 वचनांचे 119वे स्तोत्र चोविसाव्या दिवशी संध्याकाळी सुरू होते आणि सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी संपते. तेवढ्यात माणसाची चिकाटी कळते. सतराव्या दिवशी सकाळी 88वे स्तोत्र येते. ते अंधारातच संपते, शेवटी आशेचे एकही वचन नाही, आणि म्हणूनच की काय, त्यावरचा उपदेश मी उभ्या सेवेत क्वचितच ऐकला. एका रुग्णाच्या उशाशी रात्र काढून आलो होतो तेव्हा नेमकी सतरा तारीख होती. त्या सकाळी मी ते कोणासाठीही वाचले नाही, आणि अशा प्रसंगी स्वतः होऊन ते मी कधीच उघडले नसते.

आणखी एक गोष्ट. मोठ्याने वाचा आणि पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचायला लागणारा वेळ वाढतो, पण मुद्दे काढायची घाई तितकीच कमी होते.

शब्बाथशाळा_शिक्षिका
पाळकसाहेब, मंडळीच्या बाजूने थोडे लिहिते. केवळ भाष्यग्रंथांतून बांधलेला संदेश आम्हाला लगेच ओळखू येतो, कारण त्यात सगळे बरोबर असते आणि आमच्यापैकी कोणीच नसते. आमच्या एका पूर्वीच्या पाळकांना दुपारी चहाबरोबर कादंबरी वाचायची सवय होती. काही वडीलजनांना ते खटकत असे. पण रुसलेल्या सासूशी कसे बोलावे किंवा नापास झालेल्या मुलाच्या घरी गेल्यावर आधी काय विचारू नये, हे त्यांना जसे कळत असे तसे फार थोड्यांना कळते. सगळे श्रेय कादंबऱ्यांना देता येणार नाही. पण काही तरी नक्कीच द्यावे लागेल.

आपण तर नाशिककर आहोत. लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर आहे. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपले पती रेव्हरंड टिळक यांच्या श्रद्धेबरोबर त्यांचा तापट, लहरी स्वभावही हसत-हसत लिहून ठेवला. ते वाचताना उपदेशाचा मुद्दा काढायचे कोणाच्या मनात येत नाही, आणि तरीही विश्वासाच्या घरात रोजचे जगणे कसे असते ते कळते. 1919मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरील काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

एक मात्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीलाही सांगावेसे वाटते. सकाळी सात वाजता दाखल्यावर सही घ्यायला पाळकांच्या दारात उभे राहायचे आणि रविवारी संदेश कोरडा वाटला म्हणून कुरकुरायचे, हे बरे नव्हे.

इतिहासाचा_विद्यार्थी
वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, परंतु मूळ विभागणी तितकीशी पटत नाही. उपदेशासाठी केलेले वाचन म्हणजे दुय्यम वाचन, असे आपण का धरून चालतो? नेमून दिलेला कठीण उतारा आठवडाभर चघळणारा पाळक त्या उताऱ्याच्या हाती सापडलेला असतो. एकांतात वाचणारा मात्र नको ते पान सहज उलटू शकतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेले पवित्र शास्त्र त्यांच्या निधनानंतर, 1924मध्ये, पूर्ण स्वरूपात छापले गेले. साध्या स्त्रियांना समजावे म्हणून एकेका वचनावर केलेले ते काम दुसऱ्यांसाठीच होते. त्याला त्यांची उपासना म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

वेळेविषयी मात्र चौथ्या शतकातील मिलानचे बिशप अंब्रोज आठवतात. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात लिहिले आहे की त्यांचे दार कोणालाही बंद नसे, भेटायला आलेले लोक सरळ आत येत, आणि हे मात्र ओठ न हलवता वाचत बसलेले असत. लोक थोडा वेळ गप्प बसून निघून जात. मोठ्याने वाचले तर कोणी कठीण वाक्याचा अर्थ विचारील आणि वाचायचे राहून जाईल, म्हणून ते मनात वाचत असावेत, असा एक तर्क ऑगस्टीन करतो. देवळालीच्या साहेबांचा मोठ्याने वाचण्याचा सल्ला म्हणूनच घरात कोणी नसताना पाळावा!

नाशिकचा_पाळक
सर्वांचे आभार. विद्यार्थीसाहेबांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. कठीण उतारा नेमून दिलेला असेल, तर तयारी हीच उपासना होते. परंतु आमच्या मंडळीत उतारा मीच निवडतो, आणि देवळालीच्या साहेबांनी बोट ठेवले ते नेमके तिथे. त्यामुळे पुढील महिन्याच्या एक तारखेपासून स्तोत्रांचा 30 दिवसांचा क्रम सुरू करीत आहे, आणि रविवारचे उतारेही काही काळ मार्ककृत शुभवर्तमानातून सलग, मधले काही न गाळता घ्यावेत असा विचार आहे. त्याचे सोळाच अध्याय आहेत, तेव्हा मंडळी कंटाळणार नाही असे वाटते.

बाईंची सूचना कमिटीपुढे कशी मांडावी, हे मात्र अजून सुचलेले नाही. दाखले शनिवारी संध्याकाळी मंदिराच्या कार्यालयातच मिळतील अशी पाटी कोणी लावली आहे का? लावली असल्यास लोकांनी ती किती मनावर घेतली, तेही कृपया लिहावे.