मदत हवी आहे : मूल जन्मतःच पापी असते असे बायबल खरोखर सांगते का?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, मेथडिस्ट घरातला. लंडन मिशनने बेळगावात १८२० साली सुरू केलेले काम १९०४ मध्ये मेथडिस्टांकडे आले, त्या परंपरेतले आम्ही. पत्नी बेळगावच्या कोकणी कॅथलिक कुटुंबातली आहे आणि धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी, मोठ्या माणसांनाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या एका स्वतंत्र मंडळीत गेला. एरवी हे सारे एका स्वयंपाकघरात सुखाने नांदते. पण गेल्या महिन्यात आम्हाला मुलगा झाला आणि वाद सुरू झाला.

सासूबाई म्हणतात, बाळ आदिपाप, म्हणजे पहिला मानव आदाम याच्यापासून आलेले पाप, घेऊनच आले आहे, तेव्हा बाप्तिस्म्याला उशीर नको. भाऊ म्हणतो, ज्याला पश्चात्ताप कळत नाही त्याला बाप्तिस्मा कसला? गंमत अशी की दोघेही बोट ठेवतात ते एकाच वचनावर. भावाच्या बायबलात ५१व्या स्तोत्राचे पाचवे वचन तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलेले आहे: आपण जन्माचेच पापी आहोत, असे दावीद राजा तिथे म्हणतो. एकाच ओळीवरून एकाने घाई करावी आणि दुसऱ्याने थांबवावे, हे मला उमगेना, म्हणून मी स्वतः वाचायला बसलो.

रोमकरांस पत्र ५:१२ (एका माणसाद्वारे पाप जगात आले आणि मरण सर्वांवर पसरले) आणि इफिसकरांस पत्र २:३ (आपण स्वभावतःच क्रोधाची प्रजा होतो) ही वचने त्या दोघांच्या बाजूची वाटतात. उलट यहेज्केल १८:२० म्हणते की मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही, आणि अनुवाद १:३९ मध्ये ज्या लेकरांना अजून बरेवाईट कळत नाही त्यांनाच वचनदत्त देशात प्रवेश मिळतो. शिवाय आदाम-हव्वेच्या पतनाच्या अध्यायात, म्हणजे उत्पत्ती ३ मध्ये, ‘पाप’ हा शब्दच येत नाही; तो पहिल्यांदा भेटतो तो ४:७ मध्ये, आदामाचा मुलगा काइन याच्या दाराशी टपून बसलेला.

भाऊ उदाहरण देतो ते शेताच्या उताऱ्याचे: बापाने काढलेल्या कर्जाचा बोजा पोराच्या नावावर चढतोच. मला ते अर्धेच पटते, कारण बोजा चढला म्हणून पोराला कोणी कर्जबुडवा म्हणत नाही. शेजारच्या एका मित्राने तर प्रदक्षिणेच्या वेळी म्हणतात तो ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’ हा श्लोक ऐकवून ‘आमच्याकडेही तेच आहे की’ असे सांगितले. पण तो भक्ताने नम्रतेने स्वतःविषयी काढलेला उद्गार आहे, इतरांच्या लेकरांवर ठेवलेला आरोप नव्हे. माझा नेमका प्रश्न हा की शास्त्राप्रमाणे आदामाकडून आपल्याला दोष मिळतो, की केवळ मरण आणि पापाकडचा ओढा?

प्रतिसाद :

आपल्या मित्राच्या श्लोकाविषयी आपण जे म्हटले तेच ५१व्या स्तोत्रालाही लागू करून पाहावे. त्याच्या शीर्षकाप्रमाणे दावीदाने दुसऱ्याची पत्नी बथशेबा हिच्याशी केलेल्या व्यभिचारानंतर, नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे ते आहे. पश्चात्तापाने मोडलेला माणूस तिथे स्वतःविषयी बोलतो, मानवजातीची व्याख्या करत नाही.

खरा वाद रोमकरांस ५:१२ चा आहे. मूळ ग्रीक वाक्याचा सरळ अर्थ ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असा घेतात, तर जुन्या लॅटिन भाषांतरात तो ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत होता. पश्चिमेकडील धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टिनने (३५४–४३०) तो तसाच वाचला आणि आदामाचे पाप वारशाने येत नाही असे शिकवणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना दोषच वारशाने येतो असे मांडले. ४१८च्या कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी मात्र आजही मरण आणि विकार यांचा वारसा मानते, आदामाच्या अपराधाचा नाही. सासूबाईंच्या कॅथलिक शिकवणीतही आदिपाप हे बाळाने ‘केलेले’ नसून ‘वाट्याला आलेले’ आहे, हा भेद घरातल्या भांडणात हरवतो. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटले आहे. आणि आपल्या मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली? त्यांनी १७५७ मध्ये आदिपापाच्या बाजूने अख्खा ग्रंथ लिहिला. तरीही केवळ आदामाच्या दोषासाठी कोणतेही बालक दंडास पात्र ठरत नाही, असेच ते मानत.

मात्र रोमकरांस ५:१९ सोडून देऊ नका. एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, असे त्या पत्राचा लेखक पौल तिथे स्पष्ट लिहितो, आणि ते वचन नुसत्या ‘ओढ्या’त मावत नाही.

धागाकर्ता :

मनापासून आभार. ‘केलेले’ आणि ‘वाट्याला आलेले’ हा भेद काल सासूबाईंना सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी दुसरं काय म्हणत होते?” भाऊ अजून ५:१९ वरच अडून आहे, आणि खरे सांगायचे तर मीही. त्या वचनातील ‘ठरले’ या क्रियापदाचा ग्रीक अर्थ ‘ठरवले गेले’ असा आहे की ‘झाले’ असा, हे त्या भाषेच्या जाणकाराने उलगडून सांगितले तर फार मदत होईल.